गैरहजर भिडूची सुपारी : एक मीमांसा

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. या निबंधात जी सुपारी येते तिचा गुन्हेगारी जगताशी काडीचाही संबंध नाही. तो आहे, असं आमच्या डीएमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना जवळजवळ दोन महिने वाटत होतं. त्यांचा दोष नाही. शनिवारी रात्री जिन्यात "आज मामांची सुपारी कोण घेतंय?", "गेल्या वेळी मी घेतली होती, आता तू घे" आणि "त्यांना मारायचं नाही हां, ते इथे नाहीयेत" ही तीन वाक्यं ओळीने कानांवर आली, तर कुणीही सज्जन माणूस दाराला आतून कडी घालील. अखेर काकूंना वर बोलावून टेबल दाखवावं लागलं. चौकटी आखलेला मोठा कागद, त्यावर मांडलेल्या चार सुपाऱ्या, शेजारी रंगीत पाशांची वाटी आणि फरसाण. काकूंचा जीव भांड्यात पडला. "अगं बाई, पूजा मांडलीय होय," म्हणाल्या आणि नमस्कार करून गेल्या.

काकूंचं निदान वाटतं तितकं चुकीचं नव्हतं, ते पुढे येईल.

विषय असा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात एक जण जग रचतो आणि ते बाकीच्यांना सांगत जातो. त्याला डंजन मास्टर, म्हणजेच डीएम म्हणतात. आमची डीएम दिवसा एका वकिलांकडे काम करते, त्यामुळे आमच्या जगात राक्षससुद्धा नोटीस दिल्याशिवाय हल्ला करत नाहीत. बाकीचे भिडू एकेक पात्र घेतात. कुणी चोर, कुणी मांत्रिक, कुणी योद्धा. समोर दरी आहे, काय करणार, असं डीएम विचारते. उडी मारतो, असं चोर सांगतो. मग वीस बाजूंचा पासा पडतो. मोठा आकडा आला तर पौ बारा, एक आला तर दरीचा तळ. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही आणि मुख्य म्हणजे डाव संपत नाही. रात्री अकराला कथा जिथे थांबते तिथूनच ती पुढल्या शनिवारी उठते. असं एकेक कथानक दोन-दोन वर्षं चालतं.

आता समजा, गेल्या शनिवारी आमचा योद्धा गुहेत कुऱ्हाड उगारून उभा होता. समोर राक्षस. अकरा वाजले, सगळे आपापल्या घरी गेले. या शनिवारी योद्धा चालवणारा भिडू, जो एरवी बँकेत असतो, तो बारामतीला मावसभावाच्या साखरपुड्याला गेला. माणूस बारामतीत, कुऱ्हाड गुहेत. या कुऱ्हाडीचं काय करायचं? प्रश्न क्षुल्लक आहे यात शंका नाही. त्याच्या क्षुल्लकपणाबद्दल माझी इतकी खात्री आहे, की गेली तीन वर्षं मी दुसऱ्या कशाचाही नीट विचार केलेला नाही.

मूळ ग्रंथात हा प्रश्न या रूपात सापडत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं लहानसं गाव आहे. तिथला गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ जानेवारी १९७४ मध्ये विक्रीला आला. तीन पातळ पुस्तिका, एक खोकं, किंमत दहा डॉलर, प्रती एक हजार. पहिल्याच पुस्तिकेत भिडूंची संख्या दिली आहे. एका कथानकाला किमान एक पंच आणि चार ते पन्नास भिडू. पन्नास! आमच्याकडे सहावी खुर्ची लावली तर फ्रिजचं दार उघडत नाही. पन्नास जणांत आज कोण आलं नाही, हे विचारायचं कारणच नव्हतं. आले ते भुयारात उतरले, नाही आले ते गावात राहिले. पुढे १९७९च्या मार्गदर्शक ग्रंथात गायगॅक्सने काळाचा हिशेब काटेकोर ठेवल्याशिवाय कथानकाला अर्थ नाही, अशा आशयाचं वाक्य सबंधच्या सबंध मोठ्या अक्षरांत छापलं. म्हणजे तुम्ही आठवडाभर आला नाहीत, तर तुमच्या पात्राचाही आठवडा कुठे तरी गेला पाहिजे. बहुधा खाणावळीत. खोलीचं भाडं चालू.

मात्र त्याच १९७४च्या पहिल्या पुस्तिकेत एक कलम आहे, त्याकडे अभ्यासकांचं व्हावं तितकं लक्ष गेलेलं नाही. कलम नातेवाइकांविषयी आहे. एखादा अचानक नाहीसा झाला, मेल्याचं सिद्ध झालेलं असो वा नसो, आणि खेळातला महिनाभर त्याचा पत्ता लागला नाही, तर त्याची मालमत्ता त्याने आधी नेमलेल्या एका नातेवाइकाकडे जाते. त्यावर दहा टक्के कर. नातेवाइकाने सगळ्यांत खालच्या पायरीवरून सुरुवात करायची. बरं, मूळ मालक परत उगवला तर? तर त्याला आपली मालमत्ता परत मिळू शकते, पण तिच्यावर पुन्हा दहा टक्के. आणि नातेवाईक ती राजीखुशीने सोडतो की नाही, हे पंचाने ठरवायचं.

ड्रॅगन, जादूच्या तलवारी आणि अमर राजकन्या यांच्या गर्दीत हे कलम वाचलं की तलाठी कार्यालयाचा वास येतो. वारसनोंद, फेरफार, नॉमिनी. गायगॅक्स १९७० पर्यंत शिकागोत विमा कंपनीत नोकरीला होता आणि जोखीम मोजण्याचं काम करायचा, हे कळलं की उलगडा होतो. ज्या माणसाने वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या जोखमीचे हप्ते ठरवले, त्याला बुटक्या योद्ध्याचाही नॉमिनी लागणारच. तुलनेसाठी : आपल्या १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे बेपत्ता माणूस मेला असं धरायला सात वर्षं लागायची. नव्या कायद्यानेही सात वर्षंच ठेवली आहेत. लेक जिनिव्हात एक महिना पुरतो. तिथे थंडी फार असते, हे एक कारण संभवतं.

आणखी एक ऐतिहासिक बाब. हा खेळच मुळात एका गैरहजेरीतून निघालेला आहे. मिनेसोटात डेव्हिड वेसली नावाचा एक जण १९६९ पासून ‘ब्राउनस्टाइन’ नावाचे डाव चालवायचा. जर्मनीतलं एक काल्पनिक गाव, आणि त्यात प्रत्येक भिडूला वेगळी भूमिका. पुढे वेसलीला सैन्यसेवेसाठी जावं लागलं. त्याच्या जागी बसला आर्नेसन. बदली बसलेल्या या माणसाने त्या डावात हळूहळू भुयारं आणली, राक्षस आणले, आणि त्याचं ‘ब्लॅकमूर’ झालं. तेच पुढे गायगॅक्सच्या हातात गेलं. वेसलीची रजा नामंजूर झाली असती तर काकूंना नमस्कार करायला काही उरलं नसतं.

आता प्रस्तुत लेखकाचा या विषयावरचा अधिकार सांगणं भाग आहे. मी व्यवसायाने मुद्रितशोधक. सोलापूरहून पुण्यात आलो तेव्हा वय सत्तेचाळीस. या वयात नवीन गावात माणसाला दूधवाला मिळतो, किराणावाला मिळतो, भिडू मिळत नाही. पहिल्या वर्षी तापाने नऊ दिवस अंथरुणावर होतो. दहाव्या दिवशी कामावर गेलो, तर माझी प्रुफं दुसऱ्या टेबलावर गेली होती आणि माझ्या खुर्चीवर पार्सलं ठेवली होती. पार्सलं उचलली आणि बसलो. मी नव्हतो हे फक्त पार्सलांना ठाऊक होतं.

त्याच सुमारास भाच्याने मला या टेबलावर ओढून आणलं, कारण त्यांना चौथा हवा होता. भाचा मामा म्हणतो म्हणून सगळेच मामा म्हणू लागले. दंतवैद्य असलेल्या डॉक्टरताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आहेत, त्याही. पहिले तीन महिने मी निव्वळ लिंबूटिंबू होतो. पासा चुकीचा उचलायचो, वाईट दान पडलं तर डीएम ऐकू न आल्यासारखं करायची, आणि माझ्या वाट्याला पात्रही असं आलं होतं ज्याला लढायची गरज कमी. दाढीवाला बुटका पुजारी, जखमा बऱ्या करणारा. लिंबूटिंबूला सगळे सांभाळून घेतात. पण तो आउट होत नाही, म्हणजे खरं तर तो खेळतही नसतो. हे लहानपणी ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

असो. गैरहजर भिडूच्या पात्राविषयी आमच्या टेबलावर आजवर जी मतं मांडली गेली ती आता पाहू.

सगळ्यांत जुना उदरव्यथावाद. पात्राला खाणावळीतलं कालवण बाधलं, ते तंबूत पडून आहे. हा वाद सोपा आणि लोकप्रिय आहे, पण आमच्या मांत्रिकाचं पोट एका पावसाळ्यात सहा वेळा बिघडल्यावर तो चालवणाऱ्या भाच्यानेच आक्षेप घेतला, की यात पात्राची बदनामी होते. त्यावर निघाला अश्वरक्षणवाद : तो बाहेर घोडे राखत थांबला आहे. अडचण अशी, की आमचे घोडे आम्ही दुसऱ्याच महिन्यात विकले. तरीही आमच्यापैकी कुणी ना कुणी ते अजून राखतो आहे. अदृश्यवादी म्हणतात, बोलूच नका. तो असतोही आणि नसतोही, त्याला जखम होत नाही, तो शिधा खात नाही आणि लुटीत वाटाही मागत नाही. या मताचं खंडन करायची गरज नाही. माझ्या जुन्या खुर्चीवरची पार्सलं याच मताची होती.

राहिला प्रतिनिधिवाद. दुसऱ्या भिडूने गैरहजराचं पात्र आपल्या पात्राबरोबर चालवायचं. इथे आपल्या पूर्वसूरींनी एवढं काम करून ठेवलंय की लेक जिनिव्हाकरांनी हात जोडावेत. जैमिनींच्या मीमांसासूत्रांचा सहावा अध्याय यासाठी उघडावा लागतो. (तो मला पाठ आहे असं नाही. त्यावरच्या एका ग्रंथाची प्रुफं मी दोनदा तपासली आहेत, आणि मुद्रितशोधकाला अर्थ चुकूनच कळतो, पण कळला की विसरत नाही.) यज्ञात एखादी वस्तू मिळाली नाही तर काय? साळीचा तांदूळ नसेल तर देवभात चालेल. सोम नसेल तर पूतीक चालेल. वस्तूला प्रतिनिधी आहे. मात्र देवतेला प्रतिनिधी नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही. आणि यजमानालाही नाही. ज्याचा यज्ञ तोच नसेल तर कुणाला बसवणार? फळ कुणाला मिळणार?

देवतेविषयीचं मत आमच्या अनुभवाला उतरतं. डीएम एकदाच आली नाही. आम्ही तिच्या जागी बँकवाल्याला बसवलं. वीस मिनिटांत ड्रॅगन मुदत ठेवीवरचं व्याज समजावून सांगू लागला, आणि रात्र रमीत गेली. (आर्नेसनचं काय, अशी शंका इथे येईल. समाधान : त्याने वेसलीचा यज्ञ चालवलाच नाही. त्या वेदीवर त्याने स्वतःचा सुरू केला.)

पण यजमानाच्या नियमाला जैमिनींनी एक अपवाद ठेवला आहे, आणि तो अपवाद म्हणजे सत्र. आम्ही खेळाच्या बैठकीला सेशन म्हणतो. त्याला मराठीत शब्द सत्रच आहे, हे लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. सत्र हा फार दिवस चालणारा सोमयाग. त्याला किमान सतरा जण लागतात आणि सगळेच्या सगळे यजमान. ऋत्विजांचं कामही तेच वाटून घेतात, म्हणून दक्षिणा कुणी कुणाला द्यायची नाही. बघे नाहीत, भाडोत्री नाहीत. आमच्या टेबलाचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. फक्त, डीएम सोडली तर आमचे तेरा कमी आहेत. महाभारत सांगितलं गेलं तेही नैमिषारण्यात, शौनकाच्या बारा वर्षांच्या सत्रात, हे जाता जाता नोंदवतो. कथा पुढल्या वेळेपर्यंत थांबवून धरण्याची विद्या आपल्याकडे नवीन नाही.

तर अशा सत्रात मध्येच एक जण गळाला, तर संख्या भरायला दुसरा आणून बसवता येतो. मात्र तो यजमान होत नाही. काम त्याने सगळं करायचं, फळ त्याला नाही. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे वडापावाच्या संदर्भात तो निर्णायक ठरणार आहे.

प्रतिनिधी वस्तुरूपही असतो. सीता नाही म्हणून रामाने सोन्याची सीता शेजारी ठेवून यज्ञ केला. एवढं सोनं नसलेल्या आपल्याकडच्या माणसांनी सुपारी शोधली. पत्नी नसेल तर कमरेला सुपारी लावून पुरुष धर्मकृत्याला बसतो. गणपतीच्या मूर्तीऐवजी तांदळावर सुपारी चालते, नवग्रहही सुपाऱ्यांत मावतात. या खेळात पात्रांसाठी रंगवलेल्या छोट्या मूर्ती वापरतात. त्यांच्या किमती पाहिल्यावर डीएमच्या आईने देवघरातल्या डब्यातून मूठभर सुपाऱ्या काढून दिल्या. प्रत्येकीवर पेनाने खूण. माझ्या सुपारीवर दाढी आहे. काकूंना जे दिसलं ते शास्त्रशुद्ध होतं.

प्रतिनिधिवादावर सगळ्यांत मोठा आक्षेप शास्त्राचा नाही, इतिहासाचा आहे, आणि तोही पुण्याचाच. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण ते गेले यावर सगळ्यांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर ते शेवटपर्यंत मानलं नाही. मग मीच भाऊ म्हणणारा एक माणूस उभा राहिला. त्याला पकडलं, कैदेत ठेवलं, तो सुटला, कोकणात त्याला माणसं मिळाली, किल्ले मिळाले. १७७६ मध्ये त्याला देहान्त दिला तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. दुसऱ्याचं पात्र चालवणाऱ्याला आमच्या टेबलावर तेव्हापासून तोतया म्हणतात. (तेव्हापासून म्हणजे मी हा दाखला दिल्यापासून.) इतिहासकार या प्रकरणाची राजकीय कारणं देतात, ती योग्यच असतील. मला एवढंच दिसतं, की पंधरा वर्षं ती जागा कुणी पुरती भरली नव्हती. ज्याची जागा राखलेली नाही त्याचा तोतया होऊ शकत नाही. माझ्या नऊ दिवसांच्या तापात माझा तोतया व्हायची हौस कुणालाही आली नव्हती.

आता प्रत्यक्ष प्रमाण. गेल्या वर्षी आई सोलापूरला न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. सात शनिवार मी तिथेच होतो. दवाखान्याच्या बाकावर बसून मी भाच्याला कळवलं, की माझ्या पुजाऱ्याला घोड्यांपाशी ठेवा. उत्तर आलं : "मामा, घोडे विकलेत. चर्चा चालू आहे." चर्चा त्या रात्री चाळीस मिनिटं चालली, असं मागाहून कळलं. बँकवाला उदरव्यथेच्या बाजूने होता. डीएमने १९७४चं नातेवाईक कलम काढलं. भाचा सख्खा, म्हणून वारस तोच, असं ठरत आलं होतं. पण त्याला दोन पात्रं सांभाळायची नव्हती. शेवटी डॉक्टरताई म्हणाल्या, "माझ्याकडे द्या. पुजाऱ्याचं काम मला जमेल, तोही माणसांना बरंच करतो."

सातव्या आठवड्यानंतर परतलो. टेबलाशी माझी खुर्ची तिथेच होती आणि तिच्यासमोर माझे सात पासे, वीस बाजूंचा वर करून, ओळीने लावलेले. रामाच्या पादुकांशिवाय मला दुसरी उपमा सुचली नाही, आणि ती मी बोलून दाखवली नाही. बँकवाला वही ठेवतो. पुढून कथेची नोंद, मागून खर्चाची. पुढचं पान उघडून वाचू लागलो. पहिल्या शनिवारी माझ्या पुजाऱ्याने चोराची जखम बांधली. ठीक. दुसऱ्या शनिवारी नदी ओलांडली. ठीक. तिसऱ्या शनिवारी एका प्रचंड राक्षसाशी गाठ पडली. सगळ्यांनी शस्त्रं उपसली. तेवढ्यात माझ्या पुजाऱ्याने त्याला तोंड उघडायला सांगितलं, उजवीकडची खालची दाढ किडल्याचं निदान केलं, आणि ती काढली. पासा वीस पडला होता. राक्षस रडला, पाया पडला आणि निघून गेला. चौथ्यापासून सातव्यापर्यंत माझ्या पात्राने देवाचं नाव एकदाही घेतलेलं नव्हतं, पण अकरा दाढा आणि दोन सुळे काढले होते.

"ताई, हा संन्यस्त माणूस आहे," मी म्हणालो.

"हो, म्हणून मी फी घेतली नाही."

मग मागचं पान. माझ्या नावापुढे सात शनिवारांचे वडापाव आणि चहा मिळून दोनशे ऐंशी रुपये. मी हरकत घेतली. सुपारीला वडापाव लागत नाही. बँकवाला म्हणाला, मागवताना मोजून पाच मागवतो, तुमचा धरूनच. मग खाल्ला कुणी? डॉक्टरताईंनी हात वर केला. "पण तुमच्या नावाने खाल्ला." इथे मी सहावा अध्याय काढला. प्रतिनिधी फळाचा धनी होत नाही, फळ यजमानाचं. डीएम शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे, मामा. म्हणजे वडापाव तुम्हालाच मिळाला. मग पैसे?" मी पस्तीस वर्षांत एवढं वाईट हरलेलो नाही. दोनशे ऐंशी मोजले. शिवाय पुजाऱ्याच्या थैलीतल्या मोहरांवर परतीचे दहा टक्के कापून घेतले ते वेगळेच. कलम कलम आहे.

दिवे मंद केले. माझी सुपारी ताईंनी कागदावरून माझ्याकडे सरकवली. दाढी पुसट झाली होती, ती मी पुन्हा काढली.

"गुहेतून तुम्ही बाहेर येता," डीएमने सुरुवात केली. "पहाट झालीय. बाहेर गावातली नऊ-दहा माणसं उभी आहेत. प्रत्येकाने गालाला फडकं बांधलंय. काही जण रात्रीपासून बसलेत. तुम्हाला बघून ते उठतात. म्हातारी पुढे येते, म्हणते, महाराज, तुमचीच वाट बघत होतो. काय करता, मामा?"

मी सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

"पक्कड कुणाकडे आहे?"